रघूने लावलेला डावा ब्रेक

रघू, सहा महिन्यांपूर्वी भर बाजारात मी तुला खोटा म्हणालो, आणि तू मला काहीच उत्तर दिलं नाहीस. ते उत्तर मला तुझ्या तेराव्याच्या दिवशी मिळालं. म्हणून लिहायला बसलो आहे. तुला माझं अक्षर कधीच आवडलं नाही. पंतोजींच्या शाळेत तू म्हणायचास, बापूच्या ओळी उजवीकडे वर चढत जातात. आताही चढत असतील. चालवून घे.

आपण दोघं कल्याणचे, एकाच आळीत वाढलेले. मी चार इयत्ता जास्त शिकलो आणि सरकारात देवी टोचणारा झालो. तू वडिलांच्या दुकानात बसलास आणि तागड्या करू लागलास. लोक मला बापूराव म्हणायला लागले, तुला मात्र शेवटपर्यंत रघूच म्हणत राहिले. पण बंदरावरच्या मिठापासून वखारीतल्या तांदळापर्यंत कल्याणात जे काही तोललं जायचं ते तू केलेल्या दांडीवर. सरकारी शिक्का असलेल्या माणसापेक्षा तुझ्या हातची तागडी लोकांना जास्त पटायची. मला याचा थोडा हेवा वाटायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही.

नवी तागडी तयार झाली की वारा येऊ नये म्हणून तू दुकानाचं दार लावून घ्यायचास. आत जीव उकडून निघायचा. मी पंचाने वारा घेऊ लागलो की तू माझ्याकडे असा बघायचास की मी मुकाट्याने पंचा खाली ठेवायचो. रिकामी तागडी हलत असायची आणि तू समोर मांडी घालून बसलेला. एकदा मी कंटाळून विचारलं, "हलतेय की चांगली. अजून काय बघतोस?" तू म्हणालास, "हलतात सगळ्यांच्याच. थांबते कुठे ते बघायचं असतं." मग तू पारड्यांची अदलाबदल करायचास, डावं उजवीकडे, उजवं डावीकडे, आणि पुन्हा तसाच बसायचास. केसाएवढा फरक निघाला तर हलक्या पारड्याखाली मेणाचा ठिपका लावून तो किती आहे ते पाहायचास, आणि जड बाजूची दांडी तेवढीच घासायचास. मेणाचा पासंग लावून तागडी खपवणारे कमी नव्हते. तू तो ठिपका काढल्याशिवाय तागडी दुकानाबाहेर जाऊ दिली नाहीस.

आणि ती तुझी चमत्कारिक रीत. तागडी न्यायला आलेल्या व्यापाऱ्याला तू सांगायचास, "शेट, तुमच्यावर ज्याचा सगळ्यात कमी भरवसा आहे त्याला घेऊन या. त्याच्या हातात देईन." कितीजण तुझ्यावर चिडले असतील. तांदळाचे व्यापारी दामूशेट तर ज्याच्याशी कोर्टात भांडण चाललं होतं त्या सख्ख्या भावाला घेऊन आले. दोघं भाऊ एकमेकांकडे न बघता तुझ्या दुकानात पारड्यांची अदलाबदल करत बसले होते. तासाभराने भाऊ म्हणाला, "तागडी खरी आहे, माणसाचं मला माहीत नाही." दामूशेट ती तागडी मिरवत घेऊन गेले.

मग माझी बायसिकल आली. रेल्वेतला एक साहेब विलायतेला परत निघाला होता, त्याच्याकडून मी ती जुनी घेतली. साहेबाच्या घोड्याला ती आवडली नसावी, कारण त्याने तिला एकदा कचकचून लाथ मारलेली होती. हाताच्या दोन मुठींखाली ब्रेकच्या दोन दांड्या, उजवी पुढच्या चाकाची आणि डावी मागच्या चाकाची. लाथ बसल्यापासून एक आभाळाकडे बघायची आणि दुसरी जमिनीकडे. रेल्वेच्या कारखान्यातल्या एका फिटरने दोनदा ठोकून सरळ केल्या. त्या दिसायला सरळ झाल्या, पण ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढायची.

आळीतल्या सगळ्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता की, ही पडत कशी नाही. तू दुकानातून बाहेर आलास, गाडीभोवती एक फेरी मारलीस आणि विचारलंस, "थांबते कशी?" मी ब्रेक दाबून दाखवला. तू गाडी आत घेतलीस, दोन दोर लावून तुळईला टांगलीस आणि दार लावून घेतलंस. ती हलायची थांबेपर्यंत तू पाहत होतास. मग हँडलवर सपाट थाळी ठेवलीस, तीत पाणी ओतलंस, आणि पाण्याची कड बघून म्हणालास, "दांड्या सरळच आहेत रे. त्या ज्याला धरून आहेत ते वाकडं आहे."

फिटरला दोनदा ठोकूनही जे दिसलं नव्हतं, ते तुला थाळीभर पाण्यात दिसलं. आयुष्यात तू त्याआधी बायसिकलला हातही लावला नव्हतास. मी तिथे उभा होतो आणि माझ्या अंगावर काटा आला होता. मी मात्र तुला म्हणालो, "बरं बरं, कर काय करायचं ते." कौतुक तोंडावर करायचं नाही असं आपलं ठरलेलंच होतं, कुणी ठरवलं होतं देव जाणे.

हँडलच्या नळीत तू रेती ठासलीस आणि मंद आचेवर ती इतकी हळू वाकवलीस की चार दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मी कटकट केली तेव्हा वहिनींनी आतून विचारलं, "भावजी, देवी टोचल्यावर फोड किती दिवसांनी धरतो?" मी म्हटलं, आठव्या दिवशी. "मग यांना चार तरी द्या," त्या म्हणाल्या.

शेवटच्या दिवशी तू मला त्या टांगलेल्या गाडीवर बसवलंस. माझ्या दोन्ही हातांत मेणाचा एकेक कोमट गोळा दिलास आणि म्हणालास, "उतारावर आहेस असं समज. आता दाब." मला हसू आलं. मी म्हटलं, काय पोरखेळ चाललाय. तुझं लक्ष नव्हतं. तू गोळे परत घेतलेस, उजेडाकडे वळलास आणि बराच वेळ पाठमोरा उभा राहिलास. मग मळसूत्राचे खिळे सैल करून तू ब्रेकच्या दांड्या लावल्यास. उजवी सरळ लावलीस. डावी अर्धं बोट खाली वळवलेली आणि मुठीच्या जवळ ओढलेली.

ती गाडी काय चालली, रघू. कल्याणहून डोंबिवलीला खाचरांच्या कडेने जायचो तेव्हा बांधावरची माणसं विळे हातात धरून उभी राहायची. आणि थांबायची कशी, तर म्हणशील तिथे, म्हणशील तेव्हा. गाडी बोटांना कळते असं वाटायचं. आधी मी गावात शिरलो की बाया पोरांना कणगीमागे लपवायच्या, देवीवाला आला म्हणून. आता पोरं गाडी बघायला धावत यायची, घंटा वाजवायला मिळणार म्हणून दंड पुढे करायची. दिवा गावात एका सकाळी मी जितकी पोरं टोचली तितकी आधी चार फेऱ्यांत टोचली नव्हती. त्यातल्या निम्म्या पोरांवर तुझा हक्क होता, पण हे मी तुला कधी सांगितलं नाही.

आता माझ्या शहाणपणाकडे येतो. ठाण्याच्या कचेरीत गाडी लावली होती. तिथला एक कारकून तिच्याभोवती फिरून म्हणाला, "बापूराव, हिचा एक कान वर आणि एक कान खाली आहे. कुणी लावला?" मी अभिमानाने तुझं नाव सांगितलं. तो म्हणाला, "तागडीवाला ना तो? मग तर कमालच झाली." बाकीचे हसले. माझं डोकं फिरलं. कुणी माझ्या कामाला हसलं तर मला चालतं, माझ्या वस्तूला हसलेलं चालत नाही. हा माझा जुना रोग तुला माहीत होता.

मी तसाच तुझ्याकडे आलो. "रघू, डावी दांडी सरळ करून दे."

"राहू दे. बरोबर आहे."

"केसाएवढा कल असला तर तागडी दाराबाहेर न सोडणारा तू, आणि हे अर्धं बोट तुला चालतं?"

"तागडी दोघांची असते बापू. घेणाऱ्याची आणि देणाऱ्याची. ही एकट्याची आहे."

"म्हणजे एकट्याची असली की वाकडी चालते?"

तू तोंड उघडलंस. मग दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकाकडे तुझी नजर गेली आणि तू तोंड मिटलंस. "संध्याकाळी ये, सांगतो," एवढंच म्हणालास. मी आलो नाही. मला वाटलं, तुझी चूक झाली आहे आणि गिऱ्हाइकासमोर ती कबूल करायला तुला जड जातंय. मी घरी गेलो, पाना घेतला, मोजपट्टी लावली आणि डावी दांडी उजवीसारखी करून टाकली. दोन्ही कान एका रेषेत आले. मी चार पावलं मागे जाऊन बघितलं आणि स्वतःवर खूश झालो.

आठवडाभर काही झालं नाही. आपल्याकडचे रस्ते सपाट, उजवा ब्रेक पुरायचा. मग एका दुपारी शीळच्या पुढे, मुंब्र्याकडे उतरणाऱ्या रस्त्याला लागलो. उतार, खडी, आणि वळणावर समोरून बैलगाडी. मी दोन्ही हातांनी ब्रेक दाबले. मागचं चाक सुटं पळत राहिलं, पुढचं जागच्या जागी अडलं, आणि मी हँडलवरून बैलांच्या पायांशी जाऊन पडलो. गाडीवान खाली उडी मारून आला. "जास्ती लागला नाय ना?" त्याने विचारलं आणि मला उचलून बसवलं. गुडघा फुटला होता. पेटीतल्या लशीच्या नळ्या सगळ्या फुटल्या होत्या. मुंब्र्याला ज्या आया पोरं घेऊन माझी वाट बघत होत्या त्या तशाच परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. मी लंगडत दामूशेटच्या वखारीशी आलो, तर तू तिथे त्यांच्या मोठ्या तागडीची साखळी बघत होतास. वीसपंचवीस माणसं असतील. मी काय बोललो ते शब्दाला शब्द मला पाठ आहे, कारण त्यानंतर ते रोज आठवतं. "या माणसाने लावलेल्या ब्रेकने माझा जीव जात होता. ज्याला दोन दांड्या नीट लावता येत नाहीत, त्याच्या तागडीचा काय भरवसा? खोटं काम आहे सगळं."

आदल्या आठवड्यात मी स्वतः पाना लावला होता हे मी बोललो नाही. लपवलं असंही नाही. मी मनाशी पक्कं केलं होतं की मी फक्त सरळ केलं, खिळा तूच कच्चा बसवला होतास. माणूस स्वतःची समजूत किती सफाईने काढतो याचं मला आता आश्चर्य वाटतं.

तू हातातली साखळी सोडलीस. सगळे तुझ्याकडे बघत होते. तू माझ्याजवळ आलास आणि हळूच म्हणालास, "हात बघू."

मी डावा हात उपरण्याखाली घेतला, नेहमी घेतो तसा. तू तिथेच थांबलास. माझ्या तोंडाकडे पाहिलंस. मग वळून पुन्हा साखळीला लागलास.

त्यानंतर जे झालं ते मी दुरून पाहिलं. पंधरा दिवसांत दामूशेटनी भिवंडीहून नवी तागडी मागवली, तुझी माळ्यावर टाकली. मिठाचे लोक तुझ्या तागड्या महिन्यामहिन्याला तपासू लागले. कुणी तुला तोंडावर काही बोललं नाही, फक्त नवं काम येईना. तागडीवाल्याच्या बाबतीत खोटा हा एक शब्द पुरतो, हे तुझ्या आळीत वाढलेल्या मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मला वाटायचं, तू येशील आणि भांडशील. तू भांडला असतास तर मीही भांडलो असतो, आणि कुठल्यातरी शिवीवर येऊन आपण दोघंही हसलो असतो. तू आला नाहीस. मीही आलो नाही.

तू तीन दिवसांच्या तापात गेलास तेव्हा मी खाडीपलीकडच्या गावांत होतो. कोन गावच्या तरीवर नावाड्याने विचारलं, "तागडीवाला रघू तुमचा कोण व्हता?" त्याने व्हता म्हटलं, यावरून मला कळलं. नाव खाडीच्या मध्यावर होती.

तेराव्याला मी तुझ्या दारात उभा राहिलो. वहिनींनी मला बघितलं आणि आत गेल्या. मला वाटलं, आता बाहेर येणार नाहीत. त्या आल्या ते हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन.

"भावजी, हे तुमचं. म्हणाले होते, बापू स्वतः विचारायला आला तरच दे. आता तुम्ही विचारणार तरी कुणाला, म्हणून देते."

फडक्यात मेणाचे दोन गोळे होते. तेच. सहाआठ महिने तू ते माठाशेजारी गारव्याला ठेवले होतेस. उजव्या गोळ्यावर चार बोटांच्या चार खोल चरी होत्या. डाव्यावर दोन खोल होत्या. तिसरी अगदी उथळ, आणि चौथीच्या जागी मेण नुसतं चपटं झालं होतं, नखाएवढं.

मी उंबऱ्यावरच खाली बसलो.

रघू, मी विसरलो होतो. तू विश्वास ठेवणार नाहीस, पण मी स्वतः विसरलो होतो. आपण दहाअकरा वर्षांचे होतो. दुर्गाडी किल्ल्याच्या तटावर पोळं होतं आणि तुझ्या वडिलांना मेण लागायचं. वर चढलो मी, कारण तुला उंचीची भीती वाटायची आणि मला शहाणपणा दाखवायचा होता. माशा उठल्या, मी पडलो, डावा हात अंगाखाली आला. वैदूने बांधला तो वाकडाच बांधला. शेवटची दोन बोटं त्यानंतर कधी पुरती मिटली नाहीत. माझे वडील चामडी लोळवतील म्हणून मी रडत होतो, आणि तू तटाखाली माझ्या शेजारी बसून शपथ घेतली होतीस की या हाताबद्दल तू जन्मात कुणाला सांगणार नाहीस. पुढे सरकारी नेमणूक झाली तेव्हा दोन्ही हात धड असल्याचं मी बेधडक लिहून दिलं. पोराचा दंड दोन बोटांत आणि अंगठ्यात धरायची मी अशी सवय केली की कुणाला संशय आला नाही. उपरणं डाव्या हातावर टाकायची ढब बसली. तीस वर्षांत ती बोटं मिटत नाहीत हे माझ्याही ध्यानात राहिलं नाही.

तुझ्या ध्यानात होतं. तू विचारलं नाहीस, मला लाजवलं नाहीस. मेणाचा गोळा हातात दिलास आणि माझी बोटं जेवढी पोचतात तेवढीच दांडी जवळ आणलीस. फिटरने गाडी पाहिली, कारकुनाने गाडी पाहिली, मी मोजपट्टीने गाडी पाहिली. तू माझा हात पाहिलास. जन्मभर दोन बाजू सारख्या करणारा माणूस तू, आणि माझ्यासाठी तू त्या जाणूनबुजून सारख्या ठेवल्या नाहीस. याचं मला केवढं आश्चर्य वाटतं ते मला नीट सांगताही येत नाही. मी उंबऱ्यावर बसून तो डावा गोळा मुठीत धरून पाहिला. तो बसला. असा बसला की मला तिथेच रडू फुटलं.

"मी म्हटलं होतं त्यांना," वहिनी म्हणाल्या, "चारचौघांत सांगून का टाकत नाही. घरात काम नाही, लोक काय काय बोलतात. तर म्हणाले, दुर्गाडीवर शब्द दिलाय. त्याची नोकरी जाईल."

म्हणजे त्या बाजारात, वीसपंचवीस माणसांसमोर, तुझ्याकडे उत्तर होतं. माझा हात वर धरून दाखवला असतास तर तुझं नाव तिथल्या तिथे स्वच्छ झालं असतं आणि माझी भाकरी गेली असती. तू हळूच हात बघू म्हणालास, कारण मी स्वतः दाखवावा असं तुला वाटत होतं. मी तो झाकून घेतला. मग तू साखळी दुरुस्त करायला लागलास.

यावर तुझ्याशी मला भांडायचं आहे, ऐकून घे. पोरपणी दिलेला शब्द कुणी इतका पाळतो का? घरात बायको होती तुझी. माझ्या कानाखाली एक ठेवून द्यायचीस आणि मोकळं व्हायचंस. मी रागावलो असतो, मग समजलो असतो. तू मला ती संधी दिली नाहीस, आणि आता एकटाच बरोबर ठरून बसलास. हे तुझं चुकलं. बाकी कशातच मला तुझी चूक सापडत नाही, म्हणून एवढी एक धरून ठेवतो.

परवा बाजार होता. मी गाडी हातात धरून दामूशेटच्या वखारीशी गेलो. तीच जागा, बहुतेक तीच माणसं. मी म्हटलं, "दामूशेट, रघूवर तुमचा सगळ्यात कमी भरवसा आहे. म्हणून तुमच्याच हातात देतो." आणि गोळे त्यांच्या तळहातावर ठेवले. मग उपरणं काढलं, डावा हात सगळ्यांसमोर वर केला आणि मिटून दाखवला. दोन बोटं मिटली, दोन तशीच राहिली. दांडी मी स्वतः सरकवली होती हे सांगितलं. सरकारात खोटं लिहून दिलं हेही सांगितलं.

दामूशेटनी डावा गोळा माझ्या डाव्या मुठीत दिला. बसला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अदलाबदल करा." मी तो उजव्या हातात घेतला. तो तिथे बसेना. उजवा गोळा डाव्या हातात घेतला, तोही बसेना.

ते माळ्यावर गेले, तुझी तागडी खाली आणली, स्वतः पुसली, आकड्याला टांगली आणि सगळ्यांना आत घेऊन वखारीचं दार लावून घेतलं. वारा येऊ नये म्हणून. आम्ही पंचवीस माणसं त्या उकाड्यात घामाघूम होऊन उभे होतो आणि तुझी रिकामी तागडी हलत होती. कुणी पंचा हलवला नाही. हळूहळू ती निवली आणि काटा मधोमध येऊन उभा राहिला. सहा महिने धूळ खाऊन तो केसभरही हलला नव्हता. गर्दीत कुणीतरी नाक ओढलं. दामूशेट म्हणाले, "भिवंडीची काढून ठेवा."

ठाण्याहून बोलावणं आलं आहे. बातमी माझ्याआधी पोचली. मोठ्या डॉक्टरांसमोर हात दाखवायचा आहे. नोकरी राहील की जाईल ते मला माहीत नाही, आणि खरं सांगतो, परवापासून त्याची भीती वाटत नाही. वाईट एवढंच वाटतं की ही गोष्ट ऐकवायला जायचं तर तुझंच दुकान आठवतं.

आज सकाळी मी डावी दांडी पुन्हा लावली. मोजपट्टी घेतली नाही. गोळा मुठीत धरायचा, बोटं कुठे येतात ते बघायचं, दांडी तिथे आणायची, असं करत करत दोन तास गेले. दार लावून घेतलं होतं, का ते विचारू नकोस. झाल्यावर दोन्ही कान पुन्हा वरखाली दिसायला लागले. मग बसलो आणि आपल्या आळीत आलो. उतार असा नाही, पण तुझ्या दुकानासमोर थोडा आहे, तुला माहीतच आहे. तिथवर जोरात आलो आणि डाव्या हाताने दाबलं.

वहिनी दारात होत्या. चाकाने रस्त्यावर एक रेघ ओढली आणि गाडी बरोबर तुझ्या उंबऱ्यासमोर उभी राहिली. आत अंधार होता, तुळईला अजून ते दोन दोर लोंबत होते.

मी आत बघून म्हणालो, "थांबते रे."